माथेरानची छोटी गाडी आणि डोंगराची मर्यादा



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा समितीचा आग्रह दरवर्षी असतो आणि "पुढच्या वर्षी नक्की" असे सांगून मी दरवर्षी सुटका करून घेतो. यंदा मात्र विषयच समोर आला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा वारसा म्हणून १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. रायपुरात आपण सर्वांनी पेढे वाटले. त्याच संध्याकाळी कॉलनीतल्या गप्पांत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "आनंद आहे हो, पण आता रायगड-राजगडावर गर्दी किती होईल? किल्ले टिकतील का?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर कोणालाच चटकन देता आले नाही. लोकांनी येऊच नये, असे म्हणता येत नाही. सगळ्यांनी हवे तेव्हा, हवे तसे यावे, असेही म्हणता येत नाही. मग मधला मार्ग कोणता? मी रेल्वेचा माणूस, रुळांच्या देखभालीत आयुष्य गेलेले. मला या प्रश्नावर एकच जागा आठवली, जिथे हा मधला मार्ग खरोखरच शंभर वर्षांहून जास्त काळ चालवून पाहिला गेला आहे. ती जागा म्हणजे रायगड जिल्ह्यातले माथेरान. हा मार्ग कुठे यशस्वी झाला आणि कुठे त्याची किंमत भलत्याच माणसाला मोजावी लागली, हे दोन्ही तिथे दिसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

डोंगरावरची वस्ती

माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच. इथल्या रानात ठाकूर, कातकरी आणि धनगर समाज पूर्वापार वावरत होता, पण इंग्रजांच्या नोंदीत हा डोंगर आला तो १८५० साली. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट त्या वर्षीच्या मे महिन्यात चौक गावाच्या बाजूने वर चढून गेले. वरची हवा आणि गर्द झाडी पाहून त्यांनी तिथे राहण्याची सोय केली. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी बंगला बांधला आणि माथेरान हे मुंबईकरांचे थंड हवेचे ठिकाण झाले. पिण्याच्या पाण्यासाठी शार्लट तलाव बांधला गेला.

नेरळहून वर जायचे तर त्या काळी तट्टू, नाहीतर पालखी. म्हणजे ज्याच्या खिशात पैसे होते तो दुसऱ्याच्या खांद्यावर बसून वर जात असे. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे.

माथेरानला स्थानिक माणसांचाही इतिहास आहे, हे इथेच सांगितले पाहिजे. हुतात्मा वीर भाई कोतवाल यांचा जन्म १९१२ साली माथेरानचा. १९४२ च्या लढ्यात त्यांनी आझाद दस्ता उभारला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना वीरमरण आले. तेव्हा माथेरान म्हणजे फक्त हॉटेले आणि पॉइंट नव्हेत. चार-पाच हजार लोकांचे ते गाव आहे.

पीरभॉय यांची रेल्वे

मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी ही रेल्वे बांधली. १९०४ साली काम सुरू झाले आणि मार्च १९०७ मध्ये पहिली गाडी धावली. खर्च आला सुमारे १६ लाख रुपये. सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेचे जनक.

रुळांतील अंतर फक्त दोन फूट. आपल्या रायपूर-धमतरी छोट्या लाइनीवर (ती १९०० साली सुरू झाली होती) आपल्यापैकी अनेकांनी प्रवास केला आहे. ती अडीच फुटांची होती. माथेरानची त्याहूनही अरुंद. नेरळपासून सुमारे २१ किलोमीटरमध्ये ही गाडी साडेसातशे मीटरच्या आसपास चढते. म्हणजे सरासरी चढ १ इन २८ च्या जवळ आणि सर्वात कडक चढ १ इन २०. तुलनेसाठी सांगतो, कर्जत-लोणावळा बोरघाटात चढ १ इन ३७ आहे आणि तिथे गाडीला मागून बँकर इंजिने लावावी लागतात.

एवढ्या चढावर गाडी न्यायची तर दोन उपाय असतात. एक म्हणजे डोंगर फोडणे, बोगदे काढणे आणि मोठे पूल बांधणे. दुसरा म्हणजे डोंगराच्या अंगाने वळसे घेत जाणे. पीरभॉय यांनी दुसरा उपाय निवडला. पैसे वाचावेत हे कारण असणारच, पण त्यामुळे डोंगराची तोडफोड कमी झाली, हे खरे. संपूर्ण मार्गावर बोगदा एकच आणि तोही इतका छोटा की त्याचे नाव 'वन किस टनेल' पडले. का पडले, ते तरुण मंडळींना समजावून सांगायला नको!

वळणे इतकी तीव्र की साधे इंजिन तिथे चाललेच नसते. म्हणून जर्मनीच्या ऑरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीकडून खास इंजिने आणली. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांना क्लाइन-लिंडनर पद्धतीमुळे वळणावर थोडे सरकता येत असे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ही वाफेची इंजिने धावली, नंतर डिझेल आले. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि माथेरान ही नेरळनंतरची स्टेशने. दार्जिलिंग (१९९९), निलगिरी (२००५) आणि कालका-शिमला (२००८) या डोंगरी रेल्वे जागतिक वारसा यादीत आहेत. माथेरानच्या गाडीचे नाव त्या यादीच्या प्रतीक्षा यादीत आहे.

मर्यादा कशी टिकली

ऑपरेटिंगच्या मंडळींना सेक्शन कपॅसिटी हा शब्द नवा नाही. एकेरी लाइनवर दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी. त्यामुळे दिवसात किती गाड्या जाऊ शकतात, त्याचे गणित ठरलेले असते. त्यापेक्षा जास्त गाड्या घुसवल्या की आधी वेळापत्रक बिघडते आणि मग आम्हाला देखभालीसाठी ब्लॉक मिळेनासा होतो. ब्लॉक मिळाला नाही, तरी लाइन काही दिवस चालते. पण झीज आतून होत राहते आणि एक दिवस हिशेब चुकता करावा लागतो.

डोंगराचेही असेच आहे. माथेरानच्या छोट्या गाडीत एका खेपेला शंभराच्या आसपास माणसे बसतात आणि खेपा मोजक्याच. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद असतो. कोणी कायदा करून पर्यटकांची संख्या ठरवली नव्हती, पण गाडीच्या आकाराने ती आपोआप ठरली होती. पावसाळ्याचे चार महिने म्हणजे डोंगराला मिळालेला ब्लॉकच.

दुसरी मर्यादा मोटारींची. जग मोटारींच्या मागे लागले, तेव्हाही माथेरानने मोटार वर येऊ दिली नाही. पुढे नेरळहून घाटरस्ता झाला, पण तो दस्तुरी नाक्यापर्यंतच. तिथे गाडी ठेवायची आणि पुढचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षाने जायचे. अपवाद फक्त रुग्णवाहिका आणि अग्निशमनाच्या गाडीचा. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा प्रदेश पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. जी रीत होती, तिला कायद्याचे बळ मिळाले.

परिणाम डोळ्यांनी दिसतो. महाराष्ट्रातील इतर थंड हवेच्या ठिकाणी सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. माथेरानच्या बाजारात हॉर्न ऐकू येत नाही. स्वित्झर्लंडमधील झेरमॅट गावानेही हेच केले आहे. पर्यटकांच्या मोटारी खालच्या टॅश गावात ठेवायच्या आणि पुढे रेल्वेने जायचे. मात्र झेरमॅटमध्ये एक गोष्ट जास्त आहे. गावात फिरायला आणि सामान न्यायला बॅटरीवर चालणारी छोटी वाहने आहेत. माथेरानात हे काम माणूस आणि घोडा करत आले.

डिसेंबर २०१९ ची एक सकाळ

रेल्वेचे दुखणे आता सांगतो. २६ जुलै २००५ च्या महापुरात ही लाइन ठिकठिकाणी वाहून गेली आणि २००७ साली, शंभराव्या वर्षी, पुन्हा सुरू झाली. मे २०१६ मध्ये डबे घसरण्याच्या घटना घडल्या आणि गाडी बंद झाली. एअर ब्रेक आणि संरक्षक कठडे अशा सुधारणांनंतर जानेवारी २०१८ मध्ये ती पूर्ण मार्गावर परतली. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा रूळांखालची माती गेली. या वेळी नेरळहून थेट गाडी सुरू व्हायला २२ ऑक्टोबर २०२२ उजाडले.

याच बंदच्या काळात, डिसेंबर २०१९ च्या पहिल्या आठवड्यात, आम्ही सहकुटुंब माथेरानला गेलो. रायपूरहून कल्याण, तिथून लोकलने नेरळ आणि टॅक्सीने दस्तुरी. आईला गुडघ्यांचा त्रास, तीन किलोमीटर चालणे शक्य नव्हते आणि घोड्यावर बसायला ती तयार नव्हती. म्हणून हातरिक्षा केली. एक जण पुढून ओढणारा, दोघे मागून ढकलणारे. लाल मातीचा रस्ता, पावसाने दगड उघडे पडलेले. पुढचा गडी माझ्यापेक्षा वयाने मोठा होता.

मी शेजारून चालत होतो. वळणावर बाजूला गंजत पडलेले रूळ दिसले. मी रेल्वेत आहे, असे बोलता बोलता कळल्यावर त्यांनी विचारले, "मग साहेब, गाडी कधी चालू करताय?" मी म्हटले, "गाडी चालू झाली तर तुमचे गिऱ्हाईक कमी नाही का होणार?" ते म्हणाले, "थोडं होईल. पण गाडीनं माल वर येतो. आता तांदळाचं पोतंसुद्धा पाठीवर नाहीतर घोड्यावर येतंय. महाग पडतं."

आई वर पोहोचल्यावर म्हणाली, "परत जाताना मी हळूहळू चालेन, पण यात बसणार नाही." आणि ती खरोखर चालली. दर शंभर पावलांवर बसत, दोन तासांत खाली आली.

त्या दिवशी एक गोष्ट पक्की समजली. मोटार बंद केल्याने ओझे नाहीसे होत नाही. ते कोणाच्या तरी पाठीवर जाते. १९०७ साली रेल्वेने पालखीवाल्याच्या खांद्यावरचे बरेच ओझे उतरवले होते. रेल्वे बंद पडली आणि ते ओझे परत माणसाच्या पाठीवर आले. रुळांची देखभाल हा आम्हा लोकांचा रोजचा कंटाळवाणा विषय. पण नाली साफ राहिली नाही, पाण्याला वाट मिळाली नाही की त्याचा भार शेवटी कोण उचलतो, ते मी त्या सकाळी पाहिले.

हातरिक्षा ते ई-रिक्षा

हातरिक्षा ओढणाऱ्यांनीच हा प्रश्न न्यायालयात नेला. आम्हाला माणसाने माणूस ओढण्याच्या कामातून सोडवा आणि त्याऐवजी बॅटरीची रिक्षा चालवू द्या, ही त्यांची मागणी होती. विरोधही होता. घोडेवाल्यांना पोटाची चिंता. माथेरानमध्ये चारशेहून अधिक घोडे आहेत आणि प्रत्येकामागे एक कुटुंब आहे. पर्यावरणप्रेमींना भीती अशी की आज ई-रिक्षा, उद्या मोटार. दोन्ही आक्षेप खोटे म्हणता येणार नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ पासून तीन महिने सात ई-रिक्षांचा प्रयोग झाला. शाळकरी मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांना त्याचा मोठा उपयोग झाला. पुढे २० ई-रिक्षांना परवानगी मिळाली. हातरिक्षाचे परवानाधारक मात्र ९४, म्हणजे बहुतेक जण बाहेरच राहिले. अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की हातरिक्षा ही प्रथा अमानुष आहे आणि ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करावी. ई-रिक्षा सरकारने घेऊन या चालकांना भाड्याने द्याव्यात आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असेही सांगितले. १९८० साली पंजाबातील सायकलरिक्षाचालकांच्या खटल्यात याच न्यायालयाने पुनर्वसनाचा मार्ग दाखवला होता, त्याची आठवण या वेळी काढली गेली.

त्याच निकालात रस्त्याचाही प्रश्न होता. घोड्यांच्या टापा आणि पावसाचा मारा यांनी लाल माती वाहून जाते आणि झाडांची मुळे उघडी पडतात. म्हणून दस्तुरी नाक्यापासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर मातीचे पेव्हर ब्लॉक बसवायला न्यायालयाने मान्यता दिली. आतले रस्ते आणि पायवाटा मात्र आहेत तशाच ठेवायच्या. जिथे वर्दळ आहे तिथे जमीन मजबूत करायची आणि जिथे रान आहे तिथे हात लावायचा नाही, असा हा निवाडा. आमच्या खात्यातही मुख्य लाइन आणि साइडिंग यांना एकच मापदंड लावत नाहीत.

आपल्या दारातले सिरपूर

आता कोणी म्हणेल, रायपुरात बसून माथेरानची एवढी चर्चा कशाला? तर रायपूरपासून दोन तासांच्या आत महासमुंद जिल्ह्यात महानदीकाठी आपलेही सिरपूर आहे. सातव्या शतकातले विटांचे लक्ष्मण मंदिर राणी वासटा हिने पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ बांधले. १९५० च्या दशकात तिथे उत्खनन करून आनंदप्रभू कुटी विहार उजेडात आणणारे संशोधक होते डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित. आपल्या मराठी माणसाचे हे काम आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

सिरपूरलाही जागतिक वारसा यादीत स्थान मिळावे, असे प्रयत्न चालू आहेत. मिळाले तर आनंदच. पण गर्दीही त्यासोबत येईल. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण, असा कायदा २०१० पासून आहे. तो इमारतींना लागू होतो. माणसे, बस, प्लास्टिक आणि लाउडस्पीकर यांचे गणित आधीच करावे लागेल. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा घातली गेली, ती गर्दीने फुले तुडवली गेल्यानंतर. सिरपूरला अजून वेळ आहे.

माथेरानवरून मला तीन गोष्टी सुचतात. पहिली, वाहने लांब ठेवावीत आणि शेवटचा टप्पा मोजक्या क्षमतेच्या सार्वजनिक वाहनाने करावा. दुसरी, वर्षातले काही दिवस जागेला विश्रांती द्यावी. देखभाल तेव्हाच होते. तिसरी, नियम करतानाच विचारावे की याचा भार कोणावर पडणार? गावातल्या ज्या माणसाचा धंदा जाणार किंवा ज्याच्या पाठीवर ओझे येणार, त्याची सोय नियमातच लिहिलेली असावी. माथेरानमध्ये पहिल्या दोन गोष्टी शंभर वर्षांपूर्वी जमल्या. तिसरीसाठी न्यायालयाला सांगावे लागले.

आपल्याकडूनही थोडे होऊ शकते. किल्ल्यांची सहल ठरवताना शनिवार-रविवार टाळता आला तर टाळावा. आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत आणावा. माथेरानला जाल तेव्हा छोट्या गाडीचे तिकीट मिळाले तर तिनेच जा. नाही मिळाले तर चिडू नका. तिकीट मर्यादित आहे, म्हणून तर वरचे रान शिल्लक आहे. आणि गाडी वॉटर पाइपच्या पुढे वळण घेईल, तेव्हा रुळांच्या कडेला घमेले-फावडे घेऊन उभ्या असलेल्या गँगमनला हात जरूर करा. आमच्या आईने नंतर छोट्या गाडीतून जाताना केला होता. त्यानेही हसून हात केला.

विघ्नहर्त्याच्या चरणी प्रार्थना एवढीच, की आपल्या पूर्वजांनी राखलेले किल्ले, मंदिरे आणि डोंगर पुढच्या पिढीच्या हाती धडपणे देण्याची बुद्धी आणि बळ आम्हाला मिळो.

गणपती बाप्पा मोरया!